सिल्वीनं शाकारलेली होडी

सकाळचे आठ वाजून गेले होते, तरी उजेड अजून पडद्यामागेच घुटमळत होता. सरोवरावर धुकं इतकं दाट, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये. मग कुणीतरी दोरी ओढल्यासारखं ते हळूहळू वर उचललं गेलं. आधी लाकडी धक्का दिसला, मग त्याच्या दोन्ही अंगांची वाळकी लव्हाळी आणि त्यांच्या बुडाशी रात्रीतून धरलेली बर्फाची पातळ साय. मग लाल रंगाची शेड, तिच्यापुढचा होड्या ओढायचा रहाट, आणि सर्वांत शेवटी, धक्क्याच्या अगदी टोकाशी, सिल्वी पाक्करिनेन. रबरी बूट, मेलेल्या नवऱ्याचं जाकीट, कानांवर ओढलेली लोकरी टोपी. वय एकोणसत्तर. ती काही पाहत नव्हती. ऐकत होती.

बेटाच्या बाजूनं टुक्, टुक्, टुक् असा आवाज येत होता. तिच्या थोरल्या भावाच्या, तौनोच्या होडीचं एका सिलिंडरचं इंजिन. हा आवाज ती चाळीस वर्षं ऐकत आली होती, पण ऑगस्टपासून तिची ऐकायची तऱ्हा बदलली होती. आवाज सरळ येतोय ना, एवढंच ती ऐकायची.

ऑगस्टातल्या एका दुपारी ती धक्क्यावर गालिचे धूत बसली होती. आमच्याकडे बायका उन्हाळ्यात गालिचे सरोवरावरच धुतात. तेव्हा हाच आवाज आला, आणि येता येता वळला. पुन्हा वळला. तिनं मान वर केली तर होडी मध्यावर गोल गोल फिरत होती, आणि होडीत कुणीच नव्हतं. म्हणजे तिला तसं वाटलं. शेजारच्या विल्योची होडी वल्हवत ती पोचली तेव्हा तौनो तळाशी आडवा पडला होता, चेहरा राखेसारखा, एक हात सुकाणूच्या दांड्याखाली अडकलेला. हृदयानं दगा दिला होता. तीन आठवडे तो जिल्ह्याच्या इस्पितळात होता. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या आणि सिल्वीला बाजूला घेऊन सांगितलं की ओझं उचलू देऊ नका, वल्ही मारू देऊ नका, आणि एकटं ठेवू नका.

एकटं ठेवू नका. ज्या माणसानं वयाची चौऱ्याहत्तर वर्षं बेटावर काढली, त्याच्याबद्दल हे सांगणं.

होडी धुक्यातून बाहेर आली. डांबर प्यायलेली काळी लाकडी होडी, मागे ताठ बसलेला तौनो, डोक्यावर कोंबडीनं अंडं घालावं अशी खोलगट झालेली टोपी. त्यानं इंजिन बंद केलं आणि होडी आपल्या वेगानं धक्क्याला टेकली.

"पहारा देतेयस का?"

"तुझं इंजिन खोकतंय."

"मी खोकतोय. इंजिन ठणठणीत आहे."

सिल्वीनं दोरी घेतली आणि होडीत नजर टाकली. रिकामी पाठपिशवी, पेट्रोलचा डबा, पाणी उपसायचं डबडं. बस्स.

"कपडे कुठायत तुझे?"

"अंगात."

"राहायला येणार होतास, तौन्या."

"मी बघू म्हणालो होतो."

"मग?"

"मग बघतोय."

त्याला दहाच्या बसनं शहरात डॉक्टरकडे जायचं होतं आणि येताना वाण्याकडून कॉफी, पीठ, काड्यापेट्या आणायच्या होत्या. दोनच्या बसनं परत. मग उजेड असेतोवर होडीनं बेटावर. "मंगळवारपर्यंत होडी तिकडेच ओढून घेईन," तो म्हणाला. "यंदा हिवाळ्यासाठी मीच शाकारतो. मला परत सोडायची तुझी फेरी वाचली."

"तिकडे रहाट नाही."

"कप्पी आहे."

"कप्पी ओढायला माणूस लागतो."

"माणूस आहे की," तौनो म्हणाला, आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला. चढावर तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा त्यानं वळून सरोवराकडे पाहिलं, देखावा पाहायलाच थांबल्यासारखं. सिल्वीला ते नाटक कळलं. चांगलं वठलंही नव्हतं.

तिनं पहाटे रेडिओ ऐकला होता. वारा पडणार, शनिवारी रात्री उणे नऊ. वारा पडला की सरोवर एका रात्रीत कातडं धरतं. मग सुरू होतात ते दिवस, ज्यांना आमच्याकडे 'केलिरिक्को' म्हणतात. धड पाणी नाही, धड वाट नाही. होडी घातली तर बर्फ तिच्या फळ्या कापतो, पाय टाकला तर माणूस आत जातो. चार आठवडे, कधी सहा. तेवढे दिवस बेट म्हणजे दुसरा ग्रह. तौनोकडे फोन नव्हता. पाण्याखालून तार टाकायचा खर्च एका म्हाताऱ्यासाठी कोण करणार, आणि त्यानंही कधी मागितली नव्हती.

आज दुपारी तो गेला, की गेला. नाताळच्या तोंडापर्यंत तो जिवंत आहे की नाही, हे त्यालाच ठाऊक.

सिल्वी याच बेटावर जन्मली. ती नऊ वर्षांची असताना अशाच दिवसांत आईच्या छातीत कफ भरला. बाप रोज सकाळी लोखंडी पहार घेऊन काठाशी जायचा, बर्फ माणूस पेलतो का ते ठोके मारून पाहायचा आणि परत यायचा. पाचव्या दिवशी त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि फळ्या शोधू लागला. शवपेटी त्यानं स्वतः केली. तौनो तेव्हा चौदाचा होता, त्यानं खिळे धरले. एकोणिसाव्या वर्षी सिल्वीनं या काठावरच्या आर्वीशी लग्न केलं, शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं दर गुरुवारी वाटाण्याचं सूप ढवळलं, आणि उन्हाळ्यात बेटावर शेकडो वेळा गेली. पण रात्र म्हणून काढली नाही. कितीही उशीर होवो, ती निघायची. तौनो म्हणायचा, "माझ्या ढेकणांना घाबरते."

होड्या शाकारायचं, म्हणजे हिवाळ्यासाठी काठावर चढवून झाकून ठेवायचं काम आर्वीचं होतं. त्याच्यामागे ते तिच्याकडे आलं. काठावरच्या अकरा होड्या दर ऑक्टोबरात तिच्या अंगणात चढतात, आणि सिल्वीनं शाकारलेली होडी मे महिन्यात तिसऱ्या झटक्याला सुरू होते, असा तिचा लौकिक. आर्वीचा एक नियम होता आणि तो तिनं कधी मोडला नव्हता. मालक हजर नसेल तर होडीला हात लावायचा नाही. इंजिनातलं पाणी काढून झालं, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं, की मालकानं स्वतःच्या हातानं इंजिनाचं जड चाक तीनदा फिरवायचं. तेल आत सगळीकडे बसतं, हे एक. दुसरं म्हणजे आपली होडी मिटली, हे ज्याच्या त्याच्या हाताला कळतं. मग सगळे आत जाऊन कॉफी पितात. दुधाच्या डेअरीचा मॅनेजरसुद्धा कोट काढून, बाह्या वर करून चाक फिरवायला यायचा.

त्या शुक्रवारी, तौनोची बस सुटल्यावर, साडेदहाला सिल्वी विल्योच्या दारात गेली. विल्यो आयुष्यभर हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवत आला. आता निवृत्त. बोलायला माणूस मिळालं की त्याचा दिवस साजरा.

"रहाटाला हात देतोस? तौनोची होडी वर घ्यायचीय."

"इकडे? तो तर तिकडेच ओढणार म्हणत होता."

"बदलला बेत. माझ्याकडे राहणार आहे, बर्फ धरेपर्यंत."

"तौनो?" विल्योनं कॉफीचा कप खाली ठेवला. "तुझ्या घरात? पडदे असलेल्या खोलीत?"

"हो."

"आणि चाक कोण फिरवणार?"

"तो डॉक्टरकडे गेलाय. म्हणाला, तूच फिरव."

विल्यो तिच्याकडे बघत राहिला. "तो आपल्या बुटाची नाडी कुणाला बांधू देत नाही, सिल्वी."

"आजारपणानं माणूस बदलतो," सिल्वी म्हणाली. एवढ्या वर्षांच्या शेजाऱ्याशी ती पहिल्यांदा खोटं बोलत होती, आणि ते किती सोपं गेलं याचीच तिला धास्ती वाटली.

ओंडके टाकले, दोर बांधला, विल्योनं रहाट फिरवला आणि होडी पाणी गाळत वर आली. पुढचं काम तिचं एकटीचं. तिनं तळाचं शेवाळ लाकडी पट्टीनं खरवडलं, ब्रशनं घासलं. इंजिनाच्या पोटाखालची तोटी उघडली. तांबडं पाणी आलं, मग धार बारीक झाली, मग थांबली. पण तिनं आत तार घालून गाळ हलवला आणि आणखी वाटीभर पाणी काढलं, कारण त्या वाटीभर पाण्यानंच थंडीत लोखंड फुटतं. पंप सोडवून झटकला. टाकीतलं पेट्रोल डब्यात काढलं. प्लग काढून फडक्यात गुंडाळला. धुराच्या नळीत चिंधी कोंबली, उंदरांनी घर करू नये म्हणून. लबाडी करतानाही तिला निष्काळजी होता येईना.

चमचाभर तेल सोडून तिनं चाकावर हात ठेवला. गार, गुळगुळीत लोखंड. एक. दोन. तिसऱ्या वेळी हात अडला. चाक घट्ट नव्हतं. पलीकडे शेडमध्ये विल्यो ताडपत्री उलगडत होता आणि मुद्दाम पाठ फिरवून उभा होता. तिनं तिसरा फेरा पुरा केला.

ताडपत्री बांधून झाली तेव्हा एक वाजला होता. बर्फ घसरून जावा म्हणून मधोमध वासा, दोन्ही बाजूंना उतार, दर हातभर अंतरावर गाठ. विल्यो कॉफीला थांबला नाही. "घरी कुत्रं आहे," म्हणाला. कुत्रं रोजच असायचं.

सिल्वी आत गेली. आर्वीच्या खोलीत तिनं नवी गादी घातली होती, उशाशी दिवा आणि रेडिओ ठेवला होता. भट्टीत कालाकुक्को भाजत होता. काळ्या पिठाच्या जाड भाकरीत बारके मासे आणि चरबी कोंबून सहा तास भाजतात तो. तौनोचा जीव त्यावर. तिनं आधीच ठरवलं होतं, तो चिडेल, एक दिवस बोलणार नाही, मग खाईल. भुकेला माणूस फार वेळ रागावू शकत नाही, हे तिनं शाळेत एकतीस वर्षं पाहिलं होतं.

सव्वादोनला तौनो उतारावरून खाली आला. पाठपिशवी भरलेली, खांद्यावर पिठाची गोणी. ओझं उचलू नका म्हणालेल्या डॉक्टरकडून तो थेट पिठाची गोणी उचलूनच आला होता. धक्क्याशी आला, धक्का रिकामा दिसला. मग त्यानं शेडकडे पाहिलं.

सिल्वी पायरीवर उभी होती.

तौनोनं गोणी खाली ठेवली. होडीभोवती एक फेरी मारली, एका गाठीवर बोट टेकवलं.

"छान बांधलंयस."

ती पायरीवरून उतरली नाही.

"चाक कुणी फिरवलं?"

"मी."

तो मान हलवत राहिला, कुणी लांबच्या गावची बातमी सांगितल्यासारखा.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"डोंगर चढू नका म्हणाले. मी म्हटलं, बेटावर डोंगर नाही."

"तौन्या, आत चल. जेवण तयार आहे."

"जाळी पाण्यात आहेत, सिल्वे. चार."

हे तिला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर संपता संपता जाळी काढून झालेली असतात. यंदा अंगात जोर नव्हता म्हणून त्याला वेळ लागला होता. आमच्या काठावर माणसाला दारूबद्दल माफ करतात, भांडणाबद्दल करतात. पण जाळी बर्फाखाली टाकून जाणाऱ्याचं नाव तो मेल्यावरही तसंच घेतात. मासे अडकून, कुजून, वसंतात वर येतात आणि सगळ्यांना दिसतात.

"मी आणते काढून. विल्योची होडी घेऊन उद्या सकाळी जाते."

"कुठे टाकलीत, ठाऊक आहे?"

"तू सांग."

"सांगता येत नाही. तिथे गेलं की कळतं." तो होडीच्या कडेला टेकला. "तळघरात बटाटे आहेत. चूल पेटली नाही तर आठवड्यात गोठतील."

"बटाटे मी देईन तुला. पोतंभर देईन."

"तुझे बटाटे मेणचट असतात."

ती हसली नाही, तोही नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "होडीच्या नावाखाली मला शाकारलंस."

"हो," सिल्वी म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "शाकारलं. पंधरा फेऱ्या मारल्या त्या होडीनं ऑगस्टात. मी एकेक मोजली, वल्ही मारत. तुला काय, तू खाली पडला होतास."

"मला त्यातलं काही ठाऊक नाही. मी नव्हतोच तिथे."

"मी होते."

"हं," तौनो म्हणाला. "तू होतीस खरी."

तेवढ्यावर त्यानं पहिली गाठ सोडली. मग दुसरी. दोर नीट गुंडाळून बाजूला ठेवला. ताडपत्री एकट्यानं ओढली, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली. ही सगळी कामं तो इतक्या सावकाश आणि नेटकेपणानं करत होता की सिल्वीला वाटलं, हा निव्वळ राग दाखवतोय, पुढे काही करणार नाही. रहाटाचा दोर त्यानं सोडला. होडीखालची अडकणं काढली. आणि खांदा लावला.

"तौनो, थांब."

होडी वीतभर सरकली. त्यानं बुटांच्या टाचा जमिनीत रोवल्या आणि पुन्हा रेटलं. आणखी वीतभर. ओंडका कुरकुरला. सिल्वी पायरीवरून धावत खाली आली तोवर तो थांबला होता. कपाळ होडीच्या फळीला टेकलेलं, डोळे मिटलेले. ओठांवर तोच ऑगस्टातला रंग.

तिनं त्याला धरून ओंडक्यावर बसवलं. त्यानं खिशातून डबी काढली, झाकण उघडेना, तिनं उघडलं, गोळी त्याच्या जिभेखाली गेली. मग दोघं बसून राहिली. लव्हाळ्यांतला बर्फ दुपारभर वितळला नव्हता. जे टाळायला तिनं नियम मोडला, शेजाऱ्याला फसवलं, ते तिनंच आपल्या अंगणात घडवून आणलं होतं. आणि तो पुन्हा उठणार होता. पाच मिनिटांनी किंवा दहा, पण तो उठणार होता आणि खांदा लावणार होता, हे त्याच्या बुटांच्या ठेवणीवरून तिला दिसत होतं. अंगणात रोखून धरला तर तो अंगणात मरेल.

"बस इथेच," ती म्हणाली. "हलू नकोस. मी विल्योला आणते."

विल्यो खिडकीतून पाहतच होता. तिनं हाक मारायच्या आत तो कुंपणापाशी पोचला. तौनोचा चेहरा पाहून त्याचं बोलणं आपोआप कमी झालं. तरी एक प्रश्न त्याच्या पोटात मावत नव्हता.

"तूच म्हणाला होतास ना रे शाकारायला? सिल्वी तसं म्हणाली."

सिल्वीनं खाली पाहिलं. तौनोनं गोळ्यांची डबी खिशात ठेवली.

"मीच म्हणालो होतो," तो म्हणाला. "आता नको म्हणतोय. म्हाताऱ्या माणसाचं काय धरून बसतोस."

विल्योनं खांदे उडवले आणि रहाटाकडे गेला. सिल्वीला तिथे उभं राहवेना. भावानं चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर तिनं तोंडावर उत्तर दिलं असतं. त्यानं सांभाळून घेतलं, तशी ती होडीकडे वळली.

सकाळी जे केलं ते सगळं उलट करत जायचं होतं. तिनं तोटी बंद केली, पंप बसवला, नळीतली चिंधी ओढली, पेट्रोल पुन्हा टाकीत ओतलं. होडी ओंडक्यांवरून पाण्यात गेली. तौनो उलट्या बादलीवर बसून सूचना देत होता, कारण दुसरं काही करायला त्याला बंदी होती.

"हवेचं झाकण अर्धं ठेव."

"ठाऊक आहे."

"प्लग पुसलास?"

"दोनदा."

इंजिन काही धरेना. सिलिंडरभर तिचंच तेल होतं, कोपऱ्याकोपऱ्यात बसलेलं, तिच्याच हातानं फिरवून बसवलेलं. सिल्वी चाक मागे दाबायची आणि झटका द्यायची. फुस्स. पुन्हा. फुस्स. दहाव्या झटक्याला तिचा खांदा भरून आला. विल्यो म्हणाला, मी बघतो. ती नको म्हणाली. प्लग काढला, पुसला, गरम व्हायला जाकिटाच्या आत काखेत धरला, पुन्हा लावला.

"इतकं चांगलं कशाला शाकारायचं माणसानं," तौनो बादलीवरून म्हणाला. हा त्याचा त्या दिवशीचा पहिला आणि शेवटचा मऊ शब्द.

चौदाव्या झटक्याला इंजिनानं निळ्या धुराचा लोट सोडला, दोनदा अडखळलं आणि टुक्, टुक् करत लागलं. साडेतीन झाले होते. पलीकडच्या काठावरचं जंगल काळं पडू लागलं होतं. उजेडाचा जेमतेम एक तास.

विल्योनं पिठाची गोणी होडीत ठेवली. तौनो धक्क्याला धरून उतरला आणि मागच्या फळीवर बसला. निघायची त्यालाच घाई होती. "सोड दोरी," तो म्हणाला.

"थांब," सिल्वी म्हणाली, आणि घरात गेली.

घरात तिला वीस मिनिटं लागली. बाहेर त्या दोघांना पंपाचा आवाज ऐकू आला, मग नळ उघडल्याचा, मग पाणी मोरीत जाण्याचा. विल्योला आधी कळलं नाही. थंडीत गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी घर बंद करून जाणारे लोक काढतात. मग तिनं भट्टीची झडप लावली आणि बाहेर आली. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला गरम कालाकुक्को, खांद्यावर आर्वीचं मेंढीच्या कातड्याचं पांघरूण. किल्ली तिनं विल्योच्या हातात दिली.

"हे काय?" तौनो म्हणाला.

"जाळी ओढायला कुणीतरी लागेल."

"मी तुला बोलावलेलं नाही."

"नाहीच बोलावलंस."

"एकच चूल आहे. एकच गरम खोली."

"तिथेच जन्मलेय मी. ठाऊक आहे किती खोल्या आहेत."

"मी घोरतो."

"घोर. मला ऐकू येत राहील."

तौनोनं तोंड फिरवलं. तो खूश नव्हता. पाच आठवडे कुणीतरी त्याच्या श्वासांवर कान ठेवून बसणार होतं, त्यानं चुलीत लाकूड घातलं की मी घालते म्हणणार होतं, आणि हे सगळं त्याच्याच घरात. आणि सकाळची गोष्ट दोघांमध्ये तशीच होती, तिला कुणी हात लावला नव्हता. तो इतकंच म्हणाला, "पुढे बस. मागे वजन नको." ती पुढच्या फळीवर बसली, त्याच्याकडे तोंड करून. त्याला ते आवडलं नाही. तिनं दिशा बदलली नाही.

बेटाकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. पिशवी खाली न ठेवता ती मांडीवर घट्ट धरून बसली होती. विल्योला ते दिसलं. त्यानं दोरी सोडली, गुंडाळली, होडीत टाकली, आणि मग विचारलं.

"सिल्वी, काही झालं तर कळवशील कसं?"

होडी धक्क्यापासून हातभर सुटली होती. इंजिनाच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं बोलली, पण ओरडली नाही. शाळेत शेवटच्या बाकावरच्या मुलाला सूप हवं का विचारावं, तशी.

"तुझ्या खिडकीतून आमचं धुराडं दिसतं. दोन दिवस धूर दिसला नाही, तरी बर्फावर पाऊल टाकू नकोस, विल्यो. आधी बर्फ धरू दे."